ज्याला कोणी तोंडावर सांगितलंच नाही

प्रश्न (एक वाचक, वेंगुर्ला) : काका नमस्कार, मी आमच्या वाडीच्या भजन मंडळात 6 वर्षं पखवाज वाजवतो. डबलबारी (दोन भजनी मंडळांचा सामना) असली की रात्रभर बसतो, कधी पैसे मागितले नाहीत. यंदा मुंबईला मोठा कार्यक्रम लागला आणि बुवांनी कुडाळचा दुसरा मुलगा नेला. माका कोणी सांगूक पण नाय, व्हॉट्सअॅपवर फोटो आले तेव्हा कळलं. त्या दिवसापासून पखवाजाला हात लावावासा वाटत नाही. मागच्या अंकात तुम्ही बीटल्स या इंग्लंडच्या गाजलेल्या बॅन्डच्या आधीच्या ड्रमरचं एका ओळीत लिहिलं होतंत, त्याचं पुढे काय झालं ते सविस्तर सांगाल का?

उत्तर : सांगतो रे बाबा, आणि जरा लांबण लावूनच सांगतो कारण तुझं पत्र वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

त्याचं नाव पीट बेस्ट. जन्म आपल्याकडचा, मद्रासचा, 24 नोव्हेंबर 1941. आई मोना पण दिल्लीत जन्मलेली. 1945 मध्ये कुटुंब लिव्हरपूलला गेलं. ही मोना म्हणजे जबरदस्त बाई. 1954 च्या डर्बी शर्यतीत तिने दागिने गहाण टाकून 'नेव्हर से डाय' नावाच्या घोड्यावर पैसे लावले, भाव एकास 33, आणि घोडा आला! त्या पैशाचा आधार धरून पुढे हेमन्स ग्रीन नावाच्या रस्त्यावर मोठं थोरलं घर घेतलं आणि त्याच्या तळघरात 29 ऑगस्ट 1959 ला पोरांसाठी 'कॅस्बा' कॉफी क्लब काढला. भिंती आणि छत रंगवायला कोण होतं तर जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, म्हणजे पुढचे बीटल्सच, आणि पहिल्या रात्री वाजवलं पण त्यांनीच. म्हणजे बघ, ज्या घरात बॅन्डला हक्काची जागा मिळाली ते घरच पीटचं.

ऑगस्ट 1960 मध्ये त्यांना जर्मनीत हॅम्बुर्गला काम मिळालं पण ड्रमर नव्हता, पॉलने पीटला विचारलं आणि तो निघाला. तिथे राहायला एका सिनेमा थिएटरच्या पडद्यामागची कोंदट खोली, रोज रात्री तासनतास वाजवायचं, समोर दारू प्यायलेले खलाशी. तुमची डबलबारी पहाटेपर्यंत चालते ना, तसं पण आठवड्याचे सगळे दिवस. दोन वर्षं तो त्यांच्याबरोबर होता, लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात मुली त्याच्यासाठी पुढे गर्दी करायच्या. 6 जून 1962 ला लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत चाचणी रेकॉर्डिंग झालं, निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ड्रम पटला नाही, रेकॉर्डसाठी आपण दुसरा वादक घेऊ म्हणाले. त्यांचं म्हणणं रेकॉर्डपुरतंच होतं हं, बॅन्डमधून काढा असं ते बोलले नव्हते.

16 ऑगस्ट 1962 ला मॅनेजर ब्रायन एप्स्टाइनने पीटला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं की पोरांना तू नको आहेस, रिंगो स्टार येतोय. पोरं कुठे होती? तिघांपैकी एकही खोलीत नव्हता. दोन वर्षं एका खोलीत झोपलेली, एका गाडीत धक्के खाल्लेली माणसं. आम्ही भ्याडासारखे वागलो हे लेननने पुढे कबूल केलं, पण ते पुढे. 'लव्ह मी डू' 5 ऑक्टोबरला बाजारात आलं, म्हणजे सात आठवड्यांत, आणि मग जगात काय झालं ते तुला माहीतच आहे.

आता तुला एक गोष्ट सांगतो जी मी या सदरात कधी लिहिली नाही. मी रत्नागिरीत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. आमचा ढोलकीवाला बदलायचं ठरलं तेव्हा मला दोन दिवस आधीपासून माहीत होतं. राजापूरचा कार्यक्रम करून आम्ही रात्रीच्या एसटीने परत येत होतो, तो माझ्या शेजारी बसलेला, ढोलकी मांडीवर, पावसाळी हवेने पान (ढोलकीचं कातडं) उतरलेलं म्हणून शर्टाच्या आत धरून ऊब देत होता आणि मला सांगत होता की पुढच्या प्रोग्रॅमला नवं पान बसवून घेतो. मी नुसतं हो हो म्हणालो. नवं पान बसवल्यावर त्याला कळलं. आजही मारुती मंदिरपाशी तो दिसला की माझी मान आपोआप खाली जाते आणि तो मात्र हसून चहा घेऊया म्हणतो. त्यामुळे मी छातीवर हात ठेवून सांगतो, माणूस बदलायचा हक्क बुवांना आहे, मंडळ त्यांचं आहे, पण तुला समोर बसवून न सांगणं ही चूक आहे आणि तुला जे लागलंय ते बरोबरच लागलंय. कोणी मनाला लावून घेऊ नको म्हटलं तरी ऐकू नकोस.

पीटचं पुढे सोपं नव्हतं. दुसऱ्या बॅन्डात वाजवलं, मग स्वतःचा ग्रुप काढला, अमेरिकेत पण जाऊन आला, 1965 मध्ये रेकॉर्ड आली पण चालली नाही. त्याच काळात निराशेने त्याने एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला, आई आणि भाऊ वेळेवर आले म्हणून वाचला. (तुझ्या मनात कधी तसलं काही आलं तर त्याच क्षणी घरात कोणाला तरी उठव, संकोच करू नकोस, हे मी हात जोडून सांगतो.) 1963 मध्ये लग्न झालेलं, पुढे दोन मुली, घर चालवायचं होतं. 1968 मध्ये संगीत सोडलं, बेकरीत पाव गाड्यांवर चढवायचं काम केलं, आणि मग सरकारी रोजगार कार्यालयात लागला ते जवळजवळ 20 वर्षं. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. ज्याची नोकरी जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बॅन्डने घेतली तो माणूस रोज सकाळी टेबलापाशी बसून नोकरी गेलेल्यांना काम शोधून द्यायचा. 1988 मध्ये तो पुन्हा स्टेजवर ड्रमपाशी बसला, धाकट्या भावाला, रोगला, बरोबर घेऊन पीट बेस्ट बॅन्ड केला आणि देशोदेशी वाजवत फिरला. एप्रिल 2025 मध्ये निवृत्त झाला तेव्हा वय 83.

तू आता एवढंच कर, बुवांच्या घरी जा आणि मला का सांगितलं नाहीत एवढं विचार. भांडू नको. पीटला त्या तिघांना तेव्हा समोर बसवून विचारता आलं नाही, तुला येतं, बुवांचं घर तुझ्याच वाडीत आहे.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, चिपळूण) : पीट बेस्ट खरंच वाईट वाजवायचा का? आमच्या क्लासमध्ये यावरून वाद झाला.

उत्तर : वाईट नाही गं. हॅम्बुर्गमध्ये तो पायाचा मोठा ड्रम चारही मात्रांवर दणकून वाजवायचा, गोंगाटात लोक नाचले पाहिजेत म्हणून. हॉलमध्ये ते भारी वाटतं. स्टुडिओत माइक जवळ असतो, लय केसाएवढी मागेपुढे झाली तरी पकडली जाते. आपल्याकडे गजर चढतो तेव्हा लय वाढतेच, वाढली नाही तर मजा नाही, पण तेच क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरलेल्या लयीच्या टिकटिकीवर) रेकॉर्ड करायला बसलीस तर पखवाजी घामाघूम होईल. आणि वादात हे पण सांग की 11 सप्टेंबर 1962 ला त्याच 'लव्ह मी डू'साठी मार्टिन यांनी रिंगोलाही बाजूला बसवून अँडी व्हाइट नावाचा स्टुडिओतला ड्रमर घेतला, रिंगोच्या हातात डफलीसारखी टॅम्बोरिन दिली. म्हणजे प्रश्न फक्त पीटच्या हाताचा नव्हता. स्वभाव पण आला, तो अबोल, काम झालं की घरी, बाकीचे तिघे कायम एकत्र.

प्रश्न (एक वाचक, देवगड) : त्याला शेवटी पैसे मिळाले की नाही?

उत्तर : मिळाले, उशिरा. 1995 मध्ये बीटल्सचा 'अँथॉलॉजी 1' अल्बम आला, त्यात पीटने वाजवलेली 10 गाणी आहेत आणि त्याची रॉयल्टी त्याला मिळाली, चांगली मिळाली. कव्हरवर मात्र जुन्या फोटोचा त्याच्या चेहऱ्याचा तुकडा फाडलेला दिसतो आणि त्या जागी रिंगो. माझ्याकडे ती सीडी आहे, मी ती कायम उलटी ठेवतो, मागच्या बाजूची गाण्यांची यादी वर.