गाड्यांच्या कंपन्यांत कामगार कपात होते त्याला जबाबदार कोण, युनियन की मॅनेजमेंट?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत डेट्रॉइटच्या कंपन्या बुडायला आल्या, लाखो लोक घरी बसले, त्यात जास्त चूक युनियनची का मॅनेजमेंटची. मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे गाडी कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला आहे, बारा वर्षं झाली, युनियनचा मेंबर कधी नव्हतो (स्टाफला नसतंच) आणि मॅनेजमेंट म्हणावं एवढा मोठाही झालो नाही, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खायची सवय आहे. माझं मत सांगतो, कपातीचं मूळ बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरच असतं. युनियनचाही दोष आहे, पण लोक सांगतात तो नाही.

आधी युनियनच्या विरोधातलं बोलू, कारण ते सगळंच काही खोटं नाही. १९५० साली जनरल मोटर्स आणि यूएडब्ल्यू, म्हणजे तिकडची वाहन कामगारांची युनियन, यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. पेन्शन, दवाखान्याचा खर्च, महागाई वाढली की पगार वाढणार, सगळं त्यात. आणि गाडी कुठली काढायची, पैसा कुठे घालायचा हे मात्र कंपनी ठरवणार. तेव्हा अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळपास निम्म्या गाड्या एकट्या जीएमच्या, त्यामुळे कुणाला जड वाटलं नाही. पुढे रिटायर लोकांची संख्या वाढत गेली, जपानी गाड्या आल्या, आणि २००५ च्या आसपास कंपनीच सांगायला लागली की एका गाडीमागे दीडेक हजार डॉलर नुसते दवाखान्यापायी जातात. त्यात १९८४ पासून ती जॉब्ज बँक, म्हणजे काम नसलं तरी हजर राहायचं, पेपर वाचायचा, शब्दकोडं सोडवायचं आणि जवळपास पूर्ण पगार घ्यायचा. आमच्या कँटीनमध्ये मी हे सांगितलं तर पोरं म्हणाली साहेब व्हिसाचं काय बघा ना. वर त्याच युनियनचे दोन माजी अध्यक्ष पैशाच्या भानगडीत २०२१ मध्ये जेलची शिक्षा घेऊन बसले. तेव्हा धुतल्या तांदळासारखं कुणी नाही.

पण हे करार एकट्या युनियनने केले का? सही मॅनेजमेंटचीही आहे ना. पगार आज वाढवला की याच वर्षीच्या ताळेबंदात दिसतो, पेन्शनचं वचन दिलं की ते वीस वर्षांनी येणाऱ्या साहेबाच्या माथी, तोपर्यंत आपण बोनस घेऊन मोकळे. आणि २००८ ला सगळीकडे फिरत होतं ना की कामगाराला तासाला ७० डॉलर मिळतात, त्यात रिटायर लोकांचा खर्चही धरला होता, जुन्या कामगाराची खरी मजुरी साधारण २८ डॉलर. नव्या भरतीची तर २००७ च्या करारात युनियनने स्वतःच निम्म्यावर आणून दिली होती. तरी १ जून २००९ ला जीएम दिवाळखोरीत गेलीच. मग मजुरी कमी करून काय वाचलं? पेट्रोल भडकलं तेव्हा यांच्याकडे विकायला मोठाल्या एसयूव्ही, छोटी गाडी नीट बनवायची यांना कधी गोडीच नव्हती, कारण फायदा ट्रकमध्ये. हे काय लाइनवरच्या माणसाने ठरवलं होतं का?

माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात चांगलं उदाहरण फ्रेमाँटचं आहे, कॅलिफोर्नियातलं. तिथला जीएमचा कारखाना इतका बदनाम की विचारू नका, रोज पाचात एक माणूस गैरहजर, ड्युटीवर दारू, तक्रारींचा ढीग. १९८२ ला बंद केला. १९८४ ला टोयोटाने जीएमबरोबर भागीदारीत तोच कारखाना उघडला, न्यूमी नावाने, आणि बरेचसे तेच कामगार परत घेतले, तीच युनियन. टोयोटाने त्या लोकांना जपानला नेऊन काम दाखवलं, आणि लाइनवर दोरी लावली, काही चुकलं की कुणीही ओढायची, लाइन थांबली तरी चालेल. आता हे तुम्हाला साधं वाटेल, पण मी क्वालिटीतला माणूस आहे म्हणून सांगतो, आमच्याकडेही तशी दोरी आहे, फक्त ती ओढली की दोन मिनिटांत सुपरवायझर येतो आणि पहिलं वाक्य असतं, "कोणी थांबवली रे?" मग परत कोण ओढतंय. तिकडे विचारायचे काय झालं, आणि दुरुस्त करायचे. थोड्याच काळात त्या कारखान्याची क्वालिटी जपानच्या जोडीला जाऊन बसली. पुढे ८७-८८ च्या सुमारास खप पडला तेव्हा कुणाला काढलं नाही, ट्रेनिंगला बसवलं, कारण तसा शब्द दिला होता. माणसं तीच, युनियन तीच, मग बदललं काय ते तुम्हीच बघा. (शेवटी २००९ ला जीएमने अंग काढून घेतलं, २०१० ला ते पण बंद झालं, आता तिथे टेस्ला आहे.)

आणि हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं समजू नका, तीच जीएम आपल्या तळेगावात होती. २००८ ला कारखाना सुरू, २०१७ च्या मे महिन्यात जाहीर केलं की भारतात शेवरले (जीएमचाच ब्रँड) विकणार नाही, तळेगावात फक्त एक्स्पोर्टसाठी बीट ही छोटी गाडी बनणार. त्याच वर्षी युरोपातली ओपेल विकली, ऑस्ट्रेलियातला कारखाना बंद, दक्षिण आफ्रिकेतून बाहेर. चार ठिकाणी चार वेगळ्या युनियन, निर्णय एकाच ऑफिसात. तळेगावात डिसेंबर २०२० ला शेवटची गाडी निघाली. ग्रेट वॉल ही चिनी गाडी कंपनी तो कारखाना घेणार होती, पण त्याच वर्षी शेजारच्या देशांच्या गुंतवणुकीवर केंद्राने परवानगीची अट घातली, व्यवहार लटकला आणि २०२२ ला मोडला. मधल्या काळात हजारावर कामगारांच्या हातात ले-ऑफची नोटीस.

इथे एक सांगायला हवं, कारण प्रश्नात सगळं एकत्र झालंय. आपल्याकडे ले-ऑफ म्हणजे काढून टाकणं नाही. ले-ऑफ म्हणजे सध्या काम नाही, नाव रजिस्टरवर, बेसिक आणि डीएच्या निम्मे पैसे घ्या. कायमचं काढलं तर रिट्रेंचमेंट, आणि कारखानाच बंद तर क्लोजर, त्याला तेव्हा शंभर किंवा जास्त कामगार असले की सरकारची परवानगी लागायची. त्यावरून तळेगावची युनियन कोर्टात गेली, उपोषणं झाली. २०२३ ला ह्युंदाईने जागा आणि मशिनरी घ्यायचा करार केला, कामगार त्यात नव्हते. कारखाना बंद झाला तो युनियनने एक्स्पोर्ट अडवला म्हणून नाही हो, गाड्या मेक्सिकोला जात होत्या.

संपाने सगळं मिळतं असंही नाही. २०१३ ला चाकणला बजाजमध्ये ५० दिवस संप झाला, मागणी होती कामगाराला एक रुपया भावाने ५०० शेअर. मिळाले नाहीत, ५० दिवसांचे पैसे गेले ते गेले. पण पुण्यात कपात कशाने झाली म्हणाल तर २०१९ बघा, तेव्हा संप कुठे होता? फायनान्स आटलं, बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, येणार म्हणून लोक थांबले, जुलैत प्रवासी गाड्यांची विक्री ३१ टक्क्यांनी पडली. अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या तरुण पोरं ओला-उबर वापरतात. आम्हाला मात्र शेड्यूल, म्हणजे किती पार्ट पाठवायचे ती ऑर्डर, यायचं तेच निम्मं, आज ब्लॉक क्लोजर (काम नाही म्हणून काही दिवस कारखाना बंद), उद्या ब्लॉक क्लोजर. आणि मजुरीने कंपनी बुडते म्हणणाऱ्यांनी मारुतीचा वार्षिक अहवाल काढून बघावा, सगळ्या माणसांचा खर्च विक्रीच्या चार-पाच टक्के, त्यात साहेब लोकही आले.

आता युनियनचा खरा दोष. त्या २०१९ ला आमच्याकडे पहिले गेले ते कॉन्ट्रॅक्टवाले, लातूर-बीड-नांदेडची पोरं, महाळुंग्याला एका खोलीत सहा-सहा जण. त्यांना काढतात असं म्हणतच नाहीत, ब्रेक दिला म्हणतात. सकाळी गेटवर कार्ड लावलं की लाल दिवा, पंच होत नाही, सिक्युरिटी म्हणतो बाजूला उभा राहा, कॉन्ट्रॅक्टरला फोन लाव. निगडीहून येणाऱ्या बसमध्ये मला तेव्हा रोज खिडकी मिळायची. युनियनचा त्याच महिन्यात वेतन करार चालू होता, मी प्रतिनिधीला विचारलं की या पोरांचं काय, तो म्हणाला ते आपल्यात येत नाहीत दादा. तो वाईट माणूस नव्हता. पण लाइनवर शंभरात साठ-सत्तर माणसं जर आपल्यात येत नसतील तर गेट मीटिंगला ताकद कुठून येणार, आणि मॅनेजमेंटला हेच तर हवं असतं.

त्यातला एक पोरगा, माझ्याच लाइनवर प्रेसवर असायचा, पार्ट नुसता हातात घेऊन सांगायचा बर (कडेला राहिलेला धारदार पत्रा) आलाय का. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी शेड्यूल वाढलं तेव्हा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून परत आला. तीच प्रेस, तीच शिफ्ट. टोकन नंबर नवा, पगार पहिल्यापासून, आणि एचआरने त्याला दोन तास बसवून मशिन कसं चालवायचं याचं ट्रेनिंग दिलं.