चाचणीत ९९ टक्के अचूक मॉडेल मकरपुऱ्यातील पंपांवर का फसते?

आपला प्रश्न असा आहे की, केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या बेअरिंग डेटासेटवर शिकवलेले न्यूरल नेटवर्क चाचणीत ९९ टक्के अचूक ठरते, पण वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आपल्या कारखान्याच्या पंपांवर एमपीयू-६०५० हा कंपने (प्रवेग) मोजणारा स्वस्त सेन्सर बसवून तेच वापरले असता धडधाकट बेअरिंगलाही सदोष ठरवते. तेव्हा नेटवर्कचे थर वाढवावेत काय? माझ्या मते वाढवू नयेत. आधी तो ९९ चा आकडा कसा आला, हे तपासावे.

त्या डेटासेटमध्ये दोन अश्वशक्तीच्या मोटरवरील बेअरिंगांत ईडीएमने, म्हणजे विद्युत ठिणग्यांनी धातू कोरून, मुद्दाम खड्डे पाडून कंपने नोंदवलेली आहेत. एका सलग नोंदीचे लहान तुकडे करून ते सरमिसळ वाटले, की एकाच बेअरिंगचे शेजारशेजारचे तुकडे शिकवणीतही जातात आणि चाचणीतही; मग मॉडेल दोष ओळखत नाही, ते विशिष्ट बेअरिंग ओळखते. काही जण भारानुसार विभागणी करून निर्धास्त होतात, परंतु शून्य ते तीन अश्वशक्तीच्या चारही भारांवर तेच बेअरिंग फिरवलेले असल्यामुळे शिकवणीतील माहितीची चाचणीत होणारी ही गळती तशीच राहते. विभागणी बेअरिंगनुसारच व्हावी, आणि आपल्या कारखान्यात तर काही पंप शिकवणीतून संपूर्ण वगळून केवळ चाचणीसाठी ठेवावेत. आकडा बराच घसरेल. पण निर्णय त्याच आकड्यावर घ्यायचा असतो. पाडरबॉर्न विद्यापीठाच्या डेटासेटमध्ये कृत्रिम दोषांबरोबर वापराने झिजवलेली बेअरिंगेही आहेत, म्हणून एकावर शिकवून दुसऱ्यावर तपासणे उद्बोधक ठरते.

आता सेन्सरविषयी, कारण खरी अडचण मला येथे अधिक दिसते. १४४० आरपीएमवर शाफ्ट सेकंदाला २४ फेरे घेतो, आणि त्यावर नऊ गोळ्यांचे ६२०५ बेअरिंग असेल तर बाहेरच्या कड्यातील खड्ड्यामुळे सेकंदाला सुमारे ८६, आतल्या कड्यातील खड्ड्यामुळे सुमारे १३० ठोके पडतात. हे आकडे लहान दिसत असल्यामुळे स्वस्त सेन्सर पुरेल असे वाटते. परंतु सुरुवातीच्या अवस्थेतील प्रत्येक ठोका अत्यंत क्षीण असतो, आणि त्याने घुमणारे धातूचे कंपन काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. खालच्या पट्ट्यात असंतुलन आणि शाफ्टची चुकलेली सरळी यांचाच गोंगाट असतो. एमपीयू-६०५० प्रवेगाचे सेकंदाला १००० नमुने देतो, आणि प्रत्येक आवर्तनासाठी किमान दोन नमुने लागतात, म्हणजे ५०० हर्ट्झच्या वरचे त्याला मुळातच दिसत नाही. जे नोंदलेच गेले नाही, ते कोणतेही नेटवर्क शोधू शकत नाही. त्यातच सेन्सर मऊ दुहेरी टेपने रंगावर चिकटवलेला असेल, तर उच्च वारंवारता टेपमध्येच विरते. रंग खरवडून स्टडवर (धातूत घट्ट पिळलेल्या स्क्रूवर) बसवावा, ते न जमल्यास चुंबकावर. व्हीएफडीमुळे, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणामुळे, वेग बदलत असेल तर वेगही सोबत नोंदवावा, अन्यथा वारंवारतेच्या आलेखातील ८६ चा शिखरबिंदू दर तासाला जागा बदलेल.

नोंद सुधारल्यावर उच्च पट्टा गाळून वेगळा घ्यावा आणि त्याच्या आवरणाचा (कंपनाच्या चढउताराच्या बाह्यरेषेचा) वर्णपट, म्हणजे त्यात कोणत्या वारंवारता किती आहेत याचा आलेख, काढावा. गोळ्या किंचित घसरत असल्यामुळे शिखर गणितापेक्षा एक-दोन टक्के इकडे-तिकडे सापडेल.

आपल्याकडे बिघडलेल्या पंपांचे नमुने मोजकेच असणार, म्हणून वर्गीकरणाऐवजी प्रत्येक पंपाचे स्वतःचे निरोगी वर्तन शिकून त्यापासूनचे अंतर मोजावे. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले, मोजमापांचा नेहमीचा चढउतार व परस्परसंबंध लक्षात घेणारे अंतर बहुतेक वेळा पुरते, आणि ते कशामुळे वाढले हे फोरमनला समजावूनही सांगता येते. किती अंतरावर इशारा द्यायचा तो उंबरठा ठरवताना मात्र हिशेब करावा: २० पंप, दर दहा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला २८८० नोंदी, चुकीच्या इशाऱ्यांचे प्रमाण एकच टक्का धरले तरी दिवसाला जवळजवळ २९ खोटे इशारे. असा भोंगा दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी बंद करणारच. म्हणून सलग अनेक नोंदींत अंतर वाढलेले दिसले तरच इशारा द्यावा.

शेवटची बाब लेबलांची, म्हणजे नोंदींवरील ‘निरोगी’ किंवा ‘सदोष’ या शिक्क्यांची. देखभाल-वहीतील ‘बेअरिंग बदलले’ ही नोंद दोषाचा पुरावा नव्हे; पुष्कळ बेअरिंगे पंप उघडलाच आहे म्हणून बदलली जातात. काढलेल्या प्रत्येक बेअरिंगवर पंपाचा क्रमांक व तारीख लिहून ठेवावी, ते कापून कड्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यानंतरच त्या काळातील नोंदींना निरोगी किंवा सदोष म्हणावे.