पाकीट उलटं करणारी सूनबाई

प्रश्न : ताई, आमची सून दुकानात प्रत्येक पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचत बसते. नातवाची दुधात घालायची चॉकलेटी पावडर तिने बंद केली. मागे त्याला जुलाब झाले तेव्हा मी मेडिकलमधून ओआरएस लिहिलेला तयार खोका आणला, तर 'हे ओआरएस नव्हेच' म्हणून तो बाजूला ठेवला. आणि आता स्वतःच नऊशे रुपयांचा प्रोटीनचा डबा घेऊन आली आहे. मुलगा दहा वर्षांचा! हे खूळ नाही तर काय? आणि चार बायकांनी वाचून एवढ्या मोठ्या कंपन्यांना काय फरक पडणार?
— एक वाचक, कराड

उत्तर : काकू, खोक्याच्या बाबतीत सूनबाईंना पैकीच्या पैकी मार्क. डब्याचं नंतर बोलू.

ओआरएस म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी भरून काढणारं मीठ-साखरेचं पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्यासाठी एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधं मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम लागतं. इथे ग्लुकोज गोडीसाठी नसतं. त्याच्याबरोबर मीठ आतड्यातून शरीरात शिरतं आणि मिठामागोमाग पाणी. साखर फार झाली की उलटंच होतं. पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ते फळांच्या चवीचे खोके म्हणजे सरबतच, त्यात साखर कितीतरी जास्त. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध सुमारे आठ वर्षं भांडल्या. शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ ला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला, की या सूत्रात न बसणाऱ्या पेयाच्या नावात 'ओआरएस' हा शब्दच नको. (आम्हा औषध दुकानदारांना खोक्यात ओआरएसच्या पुडीपेक्षा जास्त पैसे सुटायचे, हेही सांगून टाकते.)

आता तुमचा दुसरा प्रश्न, कंपन्यांना काय फरक पडतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटा या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीतल्या साखरेवर व्हिडिओ टाकला. कंपनीची नोटीस आली, त्याने माफी मागून व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो घरोघरी पोचला होता. त्याच डिसेंबरमध्ये कंपनीने १०० ग्रॅममधली वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ वर आणली. २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन विक्रीवाल्यांना सरकारने सांगितलं, की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या रकान्यातून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची चीजच नाही! लगोलग हॉर्लिक्सनेही आपल्या डब्यांचा गट बदलून घेतला. इतकी वर्षं टीव्हीवर 'उंची वाढेल, ताकद येईल' ऐकत आपण ते डबे महिन्याच्या किराण्यात धरले, आणि कायद्यात तसलं काही नव्हतंच.

माझ्या काउंटरवर हा बदल रोज दिसतो. पूर्वी गिऱ्हाईक म्हणायचं, 'चांगलं असेल ते द्या.' आता मोबाइलचा टॉर्च लावून बारीक अक्षर वाचतं आणि मला उलट विचारतं. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधीही आता विचारतात, 'मॅडम, लोक सध्या काय विचारतायत?'

आणि गोम तिथेच आहे, काकू. आपण साखर शोधायला लागलो तर पाकिटावर 'नो ॲडेड शुगर' आलं. मागे बघावं तर माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून (स्टार्चपासून) केलेली भुकटी, जी रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. आपण प्रोटीन म्हणायला लागलो तर बिस्किटापासून कुल्फीपर्यंत सगळ्यावर प्रोटीन आलं. सूनबाई फसल्या त्या इथे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. डब्यामागे पहिली दोन-तीन नावं कुठली आहेत ते त्यांना पाहायला सांगा.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ३२ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन पेले दुधाचे बारा-तेरा, एका अंड्याचे सहा, मूठभर शेंगदाण्यांचे सात. वर तुमची आमटी-भाकरी आहेच. मे २०२४ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही प्रोटीनच्या पावडरी टाळा असंच म्हटलंय. धडधाकट, जेवणाऱ्या मुलाला हा डबा कशाला? आजारपणामुळे डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर गोष्ट वेगळी.

आणि हो, खरी पुडी आणलीत तरी ती अख्खी एकदम, पुडीवर लिहिलंय तेवढ्या पाण्यात घाला. ग्लासात अंदाजाने चमचाभर, असं नको. तयार पाणी २४ तासांनी ओतून टाका.

डब्याचं सील फोडलं नसेल तर आजच बिलासकट दुकानात जा. फोडलेला डबा आम्ही कुणीच परत घेत नाही.