वाचक विचारतात: आटे नसलेली बावीसची रायफल, कंपनीची की गंजलेली?

प्रश्न: नमस्कार सर, मी अमेरिकेत, ओहायोत असतो. शेजारच्या आजोबांच्या घरचं सामान विकायला काढलेलं, त्यात विंचेस्टर मॉडेल 67 रायफल घेतली, .22 ची (म्हणजे बावीस, हे नळीचं माप), एकावेळी एकच गोळी घेणारी. घरी येऊन नळीत बघतो तर आटेच (गोळीला फिरकी देणारे आतले वळणदार चर) नाहीत आणि सिरियल नंबरपण नाही. विकणारा म्हणतो रेअर पीस आहे. फसलो का?

उत्तर: नंबरचं टेन्शन घेऊ नका. तिकडे सगळ्या रायफल-शॉटगनवर नंबर सक्तीचा झाला 1968 च्या कायद्याने, आणि 67 बनली 1934 ते 1963, त्यामुळे नंबर नसणं नॉर्मलच. आता नळी. कंपनीने खरोखरच बिनआट्याची 67 काढलेली, छर्र्यांच्या काडतुसासाठी, कारण आटे असले की छर्रे गरगरत बाहेर पडतात, कडेला पांगतात आणि मधे मोकळं राहतं, मग गोठ्यातला उंदीर बसतो बरोब्बर त्या मोकळ्या जागेत. पण आटे दिसत नाहीत म्हणजे तीच, असं लगेच धरू नका. जुन्या काडतुसांनी नळ्या आतून खाल्लेल्या असतात, शिशाचा थर बसलेला असतो, किंवा कुणीतरी ड्रिल घालून उद्योग केलेला असतो.

आधी काडतूस नाहीये ना ते बघा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढा, नळी नीट साफ करा (हे न करताच लोक मला फोटो पाठवतात), मागे पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून बघा. शंका राहिली तर फिरत्या मुठीचा साफ करायचा रॉड घ्या, त्याला घट्ट चिंधी लावून ढकला. थोडे जरी आटे शिल्लक असतील तर रॉड हळूहळू फिरतो, कंपनीच्या गुळगुळीत नळीत सरळ जातो. फिरला तर ती साधी 67, रेअर वगैरे काही नाही. ड्रिलवाल्यांचं काम बहुतेकदा ओबडधोबड असतं, आत आडव्या रेघा दिसतात.

आणखी एक प्रकार सापडतो, रूटलेज बोअर. यात नळी मागे बावीसचीच पण पुढे एकदम रुंद केलेली, तोंड बघून वाटतं बंदूक मोठ्या काडतुसाची आहे. छोट्या मातीच्या चकत्या हवेत उडवून मारायच्या खेळासाठी हे निघालं.

आणि हो, नळी मोजा! आटे नसले की तिकडचा कायदा तिला शॉटगन धरतो, म्हणजे नळी किमान 18 इंच हवी, रायफलला 16 चालते. कापलेली असेल तर आधी वकील गाठा.

प्रश्न: माझ्याकडे रेमिंग्टन 510 रायफल आहे, नळीवर नुसती बारीक अक्षरं आहेत. साल कसं काढू?

उत्तर: नळीच्या डाव्या बाजूला, मागच्या टोकाजवळ बघा. पहिलं अक्षर महिन्याचं, आणि इंग्रजीतले ब्लॅकपावडर हे शब्द सलग लिहून शेवटी एक्स जोडला की बारा अक्षरं होतात, बी म्हणजे जानेवारी, एक्स म्हणजे डिसेंबर. दुसरं अक्षर सालाचं, 1921 ला एमपासून सुरू. या 510 चीपण गुळगुळीत नळीवाली आवृत्ती आहे, तिच्या नावापुढे एसबी लागतं. पण नावावर विसंबू नका, चिंधीची टेस्ट इथेही कराच.