कमी खर्चात पोलो खाली बसवायची असेल, तर स्प्रिंगा आणि शॉक कोणते घ्यावेत?

तुम्ही विचारले आहे की तुमची 2015 ची फोक्सवॅगनची डिझेल पोलो 90,000 किलोमीटर चालली आहे, शॉक (शॉक अ‍ॅब्झॉर्बर) अजून मूळचेच आहेत, हाताशी 40,000 रुपये आहेत आणि गाडी 40 मिलिमीटर खाली बसवायची आहे, तर नुसत्या स्प्रिंगा बदलून भागेल का, की शॉकही घ्यावे लागतील. माझे उत्तर असे की या गाडीवर पैसे आधी शॉकसाठी खर्च करावेत, स्प्रिंगांचा विचार त्यानंतर करावा, आणि 40 चा आकडा 25 वर आणावा. मी याच पिढीची पोलो पुण्यात रोज चालवतो आणि हा क्रम उलटा धरून एकदा नुकसान सोसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 40 मिलिमीटरबद्दल. शॉकच्या दांड्यावर वरच्या बाजूला फोमसारख्या पदार्थाचा एक जाड तुकडा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. चाक फार वर आले की शॉकचे अंग त्याच्यावर टेकते आणि तिथून पुढे गाडी आदळायला लागते. समजा, गाडी उभी असताना तिथपर्यंत 60 मिलिमीटर अंतर आहे. गाडी 40 ने खाली बसवली की 20 उरतात. स्प्रिंगेत साठणारी ऊर्जा दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जो धक्का पूर्वी 60 मिलिमीटरमध्ये जिरत होता तोच 20 मध्ये जिरवायचा झाल्यास स्प्रिंग नऊपट कडक लागेल. गाडी 25 ने खाली बसवली तर 35 उरतात, आणि तोच हिशेब सुमारे तिपटीवर येतो. शॉक आणि टायर यांनी शोषलेला भाग यात धरलेला नाही, पण प्रश्न किती मोठा आहे हे यावरून कळते. रोजच्या वापरासाठी मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा दुप्पटही कडक नसतात, कारण तशी गाडी घरच्या माणसांना घेऊन चालवणे अशक्य होईल. म्हणजे उरलेला सगळा मार बंप स्टॉप, शॉक आणि शॉकचे वरचे माउंटिंग यांच्यावर पडतो.

आता शॉक आधी का, ते सांगतो. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत फेकते. ते परत फेकणे आवरण्याचे काम शॉकचे आहे. हे आवरायला शॉकचा जितका जोर लागतो तो स्प्रिंगेच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. स्प्रिंग 30 टक्के कडक केली की तोच शॉक तिच्या मानाने सुमारे 12 टक्के कमी पडू लागतो. नव्या शॉकमध्ये एवढी तफावत कदाचित जाणवणारही नाही, पण 90,000 किलोमीटर चाललेल्या शॉकमध्ये तेल आणि झडपा आधीच थकलेल्या असतात, आणि त्यावर ही तूट येऊन बसते.

माझ्या गाडीत मी जुन्या शॉकवरच 40 मिलिमीटरच्या स्प्रिंगा एका गॅरेजमध्ये बसवून घेतल्या होत्या. पहिला महिना गाडी फार छान वाटली, कारण वळणावर ती कमी कलत होती आणि माझे सगळे लक्ष तेवढ्याकडेच होते. नंतर सोसायटीच्या फाटकातल्या गतिरोधकावरून उतरताना मागची बाजू एकदा खाली जाऊन थांबण्याऐवजी पुन्हा उसळू लागली. पाचव्या महिन्यात डावीकडचा मागचा शॉक पाहिला, तर सीलपासून खालपर्यंत तेल ओघळलेले होते आणि त्यावर धूळ बसून काळा, दाट चिखल झाला होता. बोटाने पुसला तरी दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा ओल आली. शेवटी चारही शॉक घ्यावेच लागले, आणि पुढची मजुरी दोनदा भरली.

या मजुरीचा विचार तुम्हीही करावा. पोलोत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग शॉकवरच चढवलेली असते आणि एक बदलायची तरी पूर्ण स्ट्रट उतरवून उघडावा लागतो. मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई. तिथे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे बसतात, त्यामुळे मागच्या स्प्रिंगा नंतर बदलणे सोपे जाते. तुमचे शॉक आज गळत नसतील आणि गाडी एका उसळीत स्थिरावत असेल, तर चार-सहा महिने थांबून दोन्ही एकदम बसवणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. शॉक गळत असतील तर मात्र थांबू नये: चारही शॉक, पुढची वरची माउंटिंग, त्यांची बेअरिंग, नवे बंप स्टॉप आणि धूळ अडवणारे रबरी बूट असे आत्ताच घ्यावे, आणि गाडी सध्या मूळ उंचीवर राहू द्यावी. चांगल्या स्प्रिंगा, चांगले शॉक आणि हे किरकोळ सामान या सगळ्याला 40,000 पुरवायचे म्हटले, तर कुठेतरी हलका माल घ्यावा लागेल, आणि तो बहुधा शॉकमध्येच घेतला जातो.

नावेच हवी असतील तर बिलस्टीन या शॉक बनवणाऱ्या कंपनीचे उदाहरण घेऊ, कारण त्यांची विभागणी समजायला सोपी आहे. बी4 हे मूळ शॉकच्या जागी बसणारे साधे शॉक आहेत. बी6 जास्त कडक असून मूळ उंचीसाठी आहेत, आणि बी8 म्हणजे खाली बसवलेल्या गाडीसाठी त्याच प्रकारचे आखूड केलेले शॉक. कोनी या दुसऱ्या कंपनीच्या पिवळ्या शॉकमध्ये स्प्रिंग परत उसळताना होणारा विरोध कमी-जास्त करता येतो. 25 मिलिमीटरपर्यंत खाली बसवणार असाल, तर तुमच्या रकमेत बी4 च्या धर्तीचे मूळ लांबीचे चांगले शॉक पुरेसे आहेत, मग ते कोणत्याही भरवशाच्या कंपनीचे असोत. त्याहून खाली जायचे असेल तर आखूड शॉकला पर्याय नाही, आणि तो खर्च या हिशेबात बसत नाही. कोणी वापरलेले कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच) स्वस्तात देऊ केले तर ते घेऊ नयेत. त्यांच्या आतली झीज बाहेरून पाहून समजत नाही.

स्प्रिंगा घेताना पोलोवाल्यांची दोन ठिकाणी फसगत होते. चाकणला बनलेली आपली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा मुद्दाम उंच ठेवलेली होती. त्यामुळे युरोपातल्या गाडीसाठी "30 मिलिमीटर" असे लिहिलेली स्प्रिंग आपल्या गाडीला 30 हून जास्त खाली आणते. दुसरे म्हणजे डिझेल इंजिन जड असते, आणि स्प्रिंगा पुढच्या आसावरच्या वजनानुसार वेगळ्या बनवतात. पेट्रोल गाडीच्या स्प्रिंगा तुमच्या गाडीत घातल्या तर नाक आणखी खाली जाईल. स्प्रिंगांच्या जोडीवर कंपनीने कोणते वजन छापले आहे ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मूळ स्प्रिंगेचे वेढे कापून देणारे लोक सर्वत्र आहेत आणि त्यांची मजुरी फार कमी असते. ही गोष्ट कृपया करू नका. कापलेली स्प्रिंग आखूड होते, आणि चाक खोल खड्ड्यात लोंबले की ती बैठकीतून सैल होऊन सरकू शकते. लोअरिंग स्प्रिंग नीट घडवलेली असेल तर गाडी जॅकवर उचलल्यावरही ती बैठकीत घट्ट राहते. बसवून झाल्यावर हातानेच हलवून पाहावे. हलली तर ती स्प्रिंग परत करावी.

बसवणाऱ्यासमोर उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात. या गाडीत स्ट्रट खालच्या बाजूला एका चिरलेल्या पकडीत अडकवलेला असतो. ती पकड फाकवायला वेगळे हत्यार मिळते, पण घाईत काही ठिकाणी तिथे छिन्नी ठोकतात आणि पकड खराब होते. दुसरी गोष्ट लोअर आर्म (पुढच्या चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टॉर्शन बीम यांच्या बुशांची, म्हणजे सांध्यातल्या रबरांची. त्यांचे बोल्ट सैल केले असतील, तर शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा असतो. जॅकवर चाके लोंबत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावी आणि हेडलाइटचा झोत जुळवून घ्यावा. मागच्या टॉर्शन बीमवर जुळवाजुळवीची सोय नसते, त्यामुळे तिथले आकडे बिघडलेले दिसले तर बीम किंवा बुश तपासावे लागतात.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. आरटीओत आधी विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

स्प्रिंगांचे पैसे भरण्याआधी एक चाचणी मात्र नक्की करा. ती कोरड्या दिवसांत करावी. पुढच्या शॉकचा रबरी बूट वर सरकवून बांधा आणि चकचकीत दांड्यावर, अगदी खाली शॉकच्या अंगाला टेकेल अशी, प्लास्टिकची एक झिप टाय बेताने घट्ट बसवा. घरची माणसे आणि सामान घेऊन आठवडाभर तुमच्या नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शिकेत गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलेला होता; तुमच्या गल्लीतला बहुधा याहून अरुंद आणि उभा असेल, म्हणून तो चाचणीतून वगळू नका. मग ती झिप टाय किती वर सरकली ते पाहा. तिच्यापासून बंप स्टॉपपर्यंत 25 मिलिमीटरपेक्षा कमी अंतर उरले असेल, तर तुमच्या रस्त्यांना 25 सुद्धा जास्त आहे. तेव्हा नवे शॉक मूळ स्प्रिंगांवरच चालवावेत आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्यावेत.