पहिली मीटिंग जमली नाही म्हणून थांबू नकोस

मित्रा, ठाण्यातल्या पहिल्या मीटिंगमध्ये अवघडल्यासारखं झालं म्हणून एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) सोडू नकोस. प्रत्येक ग्रुपचा सूर वेगळा असतो. मलाही घराजवळ तोंड उघडवत नव्हतं, ओळखीचं कोणी भेटेल ही धास्ती. मग ट्रान्स हार्बर लोकल पकडून वाशीला जाऊ लागलो, तिथे मनातलं मराठीत बोलता आलं. निदान पाच-सहा मीटिंग बघ. माझ्या मते वेळ सर्वांत महत्त्वाची: ऑफिस सुटल्यावर ज्या तासाला पाय बारकडे वळायचे, नेमक्या त्याच तासाची मीटिंग शोध.

ओपन की क्लोज्ड, हे आधी विचार. क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते, ओपनला वहिनींनाही नेता येतं. त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गटही आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एएत फी नाही, अट एकच: दारू सोडायची इच्छा.

एक मात्र ऐक. रोज पीत असशील तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेट. फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं.

मीटिंग संपल्यावर लगेच पळू नकोस, दोघा-तिघांचे नंबर घे. मंगळवारी सात वाजता स्टेशनवर ये, मी सोबत येतो.