कोल्हापुरात एका डीलरकडे महागड्या ऑडिओ सिस्टिम ऐकवण्याचा कार्यक्रम आहे. मला त्यातलं फारसं कळत नाही, तरी जावं का? खरेदीसाठी मागे लागतात का?

जावा की. फक्त "मला त्यातलं कळत नाही" हे तिथे कुणापुढे बोलू नका. तुमच्या प्रश्नातल्या त्याच वाक्यामुळे मी लिहायला बसले, कारण माझ्या बाबतीत ते दुसऱ्यांनीच ठरवून टाकलं होतं.

मी जयपूर घराण्याचं गाणं शिकले, रोज सकाळी तानपुरा लावून बसते. माझ्या धाकट्या दिरांना ऑडिओचा नाद आहे. त्यांच्याबरोबर मी शहरातल्या एका डीलरच्या अशाच कार्यक्रमाला गेले होते. गालिचा अंथरलेली, भिंतींना पॅनेल लावलेली खोली, समोर माणसाच्या छातीएवढे उंच स्पीकर. माहिती सांगणारे गृहस्थ सगळं भाऊजींकडे बघून सांगत होते. माझ्याकडे वळून विचारलं ते एवढंच, "वहिनी, चहा की थंड?"

दोन अँप्लिफायर आलटून पालटून लावत होते, दुसरा पहिल्याच्या दुपटीहून महाग. कुणा परदेशी गायिकेचं गाणं, मागे कॉन्ट्राबास (खर्जाचं मोठं तंतुवाद्य), झांजा. असल्या कार्यक्रमात हीच रेकॉर्डिंगं लावतात, कारण ती कुठल्याही बऱ्या सेटवर छानच वाजतात. दुसरा अँप्लिफायर लागला की सगळे म्हणायचे, "आवाज कसा मोकळा झाला बघा!" भाऊजी सगळ्यात आधी.

मी पेनड्राइव्ह पुढे केला. त्यात माझ्याच तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग होतं, काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वराला लावलेला. त्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकून येणारी झणकार, मला बोटांनी ठाऊक आहे. घोडीवर तारेखाली घातलेला दोरा केसभर सरकला तरी आवाजाचा पोत बदलतो, आणि जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो गंधार ऐकायला मी कान लावला. दोन्ही अँप्लिफायरवर तो तितकाच स्पष्ट होता. दुसऱ्यावर फक्त सगळंच जरा जवळ आल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, दुसऱ्याचा आवाज मोठा ठेवलाय. "नाही हो वहिनी, ती क्वालिटी आहे," भाऊजी म्हणाले.

फोन एका जागी ठेवून डेसिबलचं ॲप लावलं. तानपुरा एकसारखा वाजतो, त्यामुळे आकडा फार नाचत नाही. दोन डेसिबलचा फरक निघाला. एवढ्या फरकाला कान सहसा "मोठा" म्हणत नाही, "चांगला" म्हणतो. मग मी आवाज सारखा करून घेतला आणि कुठला चालू आहे ते न सांगता बदलायला लावलं. त्या गृहस्थांनी ते मनापासून केलं, हे त्यांचं मोठेपण. खोलीतल्या एकालाही खात्रीनं सांगता आलं नाही. स्पीकरची जोडी बदलली तेव्हा मात्र सगळ्यांनी पहिल्या झटक्यात ओळखलं. तेव्हा माझं मत ठाम आहे: पैसा आधी स्पीकरवर, मग खोलीवर, अँप्लिफायर त्यानंतर. केबल शेवटी.

केबलवरून आमचं जुनं भांडण आहे. आमच्या हॉलमध्ये खर्ज घुमायचा, नुसता ढूंऽऽ व्हायचा. भाऊजींनी त्यावर उपाय म्हणून स्पीकरची महाग केबल आणली. घरच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तीन मीटर नेऊन परत आणली, तरी तिचा रोध जेमतेम ०.०५ ओहम भरतो. समोर आठ ओहमचा स्पीकर. घुमणं त्यानं कसं जाईल? काळी चारचा खर्ज साधारण १०४ हर्ट्झवर येतो. आमचा हॉल ११ फूट रुंद, म्हणजे ३.३५ मीटर. आवाज आपल्या हवेत सेकंदाला साधारण ३४७ मीटर जातो. भागाकार करा, १०४ च्या आसपासच येतो. म्हणजे त्या स्वराची एक पूर्ण लाट दोन भिंतींमध्ये बरोबर मावते आणि भिंतीलगत तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. आमचा सोफा नेमका भिंतीला टेकलेला! तो पावणेतीन फूट, म्हणजे रुंदीच्या पाव भागाइतका पुढे ओढला आणि घुमणं गेलं. एक रुपया खर्च नाही. भाऊजी अजून म्हणतात की केबल "सेट" व्हायला वेळ लागतो, त्यामुळे फरक पडला. सोफा परत मागे ढकलून बघा, असं मी त्यांना कितीदा सांगितलंय. ते ढकलत नाहीत.

म्हणून डीलरच्या खोलीत जे ऐकाल ते त्या खोलीसकट ऐकताय, हे धरून चाला. तुमच्या घरी व्हिट्रिफाइड फरशी, काचेची खिडकी आणि उघड्या भिंती असतील तर तोच सेट वेगळा वाजणार. पडद्यांनी वरचे स्वर मऊ होतात, खर्जाला त्यांचा काही उपयोग नाही. खुर्ची मधली मागा, कडेला बसून दोन्ही स्पीकरचा मेळ कळत नाही. आणि स्वतःचं रेकॉर्डिंग न्या, ज्यातला खरा आवाज तुम्ही समोर बसून ऐकलाय असं. हे जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचं गाव आहे. इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत १८८३ पासून लोक गाणं ऐकत आलेत. इथल्या माणसानं आपला कान माहितीपत्रकाच्या हवाली करू नये.

तुम्ही मुख्यतः सिनेमे बघणार असाल तर माझी तानपुऱ्याची युक्ती तुम्हाला पुरेशी नाही, तिथे सबवूफर आणि संवादांचा स्पष्टपणा वेगळा तपासावा लागतो. गायिका केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्याच ऐकायच्या असतील तर लाखांचा सेट घेऊ नका, वरचे स्वर त्यात मुळात फारसे उतरलेलेच नाहीत. केबल फार लांब न्यायची असेल तर जाड घ्यावीच लागते, आणि टर्नटेबलची (तबकड्या वाजवायच्या यंत्राची) केबल चांगल्या शील्डिंगची, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंधळ अडवणाऱ्या आवरणाची हवी, नाहीतर हम, म्हणजे घुंऽऽ असा आवाज येतो. एवढं मी भाऊजींनाही मान्य करते.

मागे लागण्याचं म्हणाल तर आम्हाला तसा त्रास झाला नाही, फोन नंबर तेवढा लिहून घेतला. "आजच्या दिवसापुरती किंमत" असं कुणी म्हणालं तरी त्या दिवशी टोकन देऊ नका. हॉलची लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहून न्या आणि आठवडाभर घरी लावून ऐकायला देणार का, ते विचारा.